घरगुती विजेची बोली : मुंबईच्या उपनगरांतील वीजकारागिरांचे शब्द आणि घराची सुरक्षितता

मराठी घरांत ‘लाईट गेली’ असे म्हणतात, तेव्हा दिवा विझला एवढेच सांगावयाचे नसते. पंखा थांबला, फ्रिज बंद पडला, पाण्याचा पंप चालेनासा झाला, तरी गेलेली असते ती ‘लाईट’च. महिन्याकाठी येते ते ‘लाईटबिल’, आणि दुरुस्तीस येणारा माणूस जुन्या पिढीच्या तोंडी ‘लाईटवाला’. अंशवाचक शब्दाने येथे पूर्णाचा बोध होतो, हे भाषेच्या अभ्यासकास सांगावयास नको. परंतु हा अर्थविस्तार केवळ कुतूहलाचा विषय नाही. विजेचा घरात प्रवेश झाला तो दिव्याच्या रूपाने. त्या वेळच्या कल्पना शब्दात गोठून राहिल्या. भिंतीतील तारांवर मात्र पुढे निराळाच भार येऊन पडला. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड या उपनगरांत गृहस्थ आणि वीजकारागीर यांच्यामध्ये जी बोली चालते, तिच्यातील काही शब्दांचा येथे विचार करावयाचा आहे. घराची विद्युत्सुरक्षा ज्या भेदांवर अवलंबून असते, नेमके तेच भेद या शब्दांत पुसले जातात, असे त्या विचाराअंती दिसते. कारागीर निवडताना, त्याला काम सांगताना आणि झालेले काम पाहून घेताना ते भेद पुन्हा उभे करता येतात काय, हा खरा प्रश्न आहे.

मुंबईत विजेचे दिवे प्रथम लागले ते १८८२ मध्ये, क्रॉफर्ड मार्केटात. विजेच्या ट्रामगाड्या १९०७ मध्ये धावू लागल्या आणि खोपोलीच्या टाटा जलविद्युत् केंद्राची वीज १९१५ मध्ये शहरास मिळू लागली. उपनगरांचा इतिहास वेगळा आहे. तेथे वीज पुरविण्यासाठी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी १९२९ मध्ये स्थापन झाली. ती ‘बीएसईएस’ या आद्याक्षरांनीच ओळखली जाई. पुढे ती रिलायन्स समूहाकडे आणि तिचे मुंबईतील वितरण २०१८ मध्ये अदानी समूहाकडे गेले. अंधेरी, बोरिवली आणि घाटकोपर या जाळ्यात येतात. मुलुंड मात्र महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाकडे होते व मंडळाच्या २००५ मधील विभाजनानंतर ते महावितरणकडे आले. टाटा पॉवरचेही ग्राहक उपनगरांत आहेत. पुरवठादार बदलला म्हणून बोली बदलत नाही. मुलुंडच्या वृद्ध गृहस्थाच्या तोंडी अद्याप ‘एमएसईबी’च असते. ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की यांपैकी कोणताही पुरवठादार घरातील तारजोडणीचा धनी नाही. त्याची हद्द मीटरपाशी संपते. मीटरच्या खोलीपासून सदनिकेतील मुख्य स्विचपर्यंतच्या तारा गृहनिर्माण संस्थेने सांभाळावयाच्या आणि तेथून आतील सर्व काही सभासदाने, अशी वाटणी संस्थांच्या आदर्श उपविधींत केलेली आहे. म्हणजे धोका जेथे सर्वांत जवळ, तेथे देखरेख करणारा बाहेरचा कोणी नसतो. असतो तो फक्त बोलावलेला कारागीर.

प्रथम ‘लाईट’ व ‘पॉवर’ ही जोडी पाहावी. तारजोडणीच्या व्यवहारात ‘लाईटचा पॉइंट’ आणि ‘पॉवरचा पॉइंट’ असा भेद आहे. पहिल्या जातीची खोबण आता ६ अँपिअरची व दुसरीची १६ अँपिअरची मिळते, तरी कारागीर अजून ‘पाचचा’ व ‘पंधराचा’ असेच म्हणतात. जुने मान गेले, जुनी नावे राहिली. भेद मुळात समंजस होता. ४० वॉटची एक नळी, ६० वॉटचा एक दिवा व एक पंखा मिळून खोलीचा प्रवाह २३० व्होल्टच्या दाबावर १ अँपिअरच्याही आत राहतो. २००० वॉटचा एक गिझर मात्र एकटाच जवळजवळ ९ अँपिअर घेतो, आणि ३००० वॉटचा १३. साठ-सत्तरच्या दशकांतील इमारतींत पंधराचे पॉइंट मोजकेच असत. त्याच घरांत नंतर गिझर आला, कपडे धुण्याचे यंत्र आले, वातानुकूलन यंत्र आले, आणि ज्या तारा दिव्यासाठी ओढल्या होत्या त्यांच्यावरच कोठेतरी ‘पंधराची’ खोबण बसविण्यात आली. खोबण मोठी झाली म्हणून तार मोठी होत नाही. ‘पंधराचा पॉइंट काढून द्या’ या वाक्यात खोबणीचा निर्देश आहे, तारेचा नाही. आणि सांगितले तेवढेच करणारा कारागीर सांगितले तेवढेच करून जातो.

तारेच्या जाडीची भाषा तर विशेष लक्ष देण्यासारखी आहे. जुने कारागीर ‘एक-अठरा’, ‘तीन-बावीस’, ‘सात-वीस’ अशी नावे घेतात. पहिला अंक तारेतील धाग्यांचा आणि दुसरा प्रत्येक धाग्याच्या गेजचा. ही इंग्रजी गेजपद्धती उलटी चालते : अंक जितका मोठा, तितका धागा बारीक. अठरा गेजचा धागा १.२२ मिलिमीटर जाडीचा, वीसचा ०.९१, बावीसचा ०.७१. त्यामुळे ‘सात-बावीस’ ऐकून गृहस्थास ती ‘सात-वीस’पेक्षा वरचढ वाटते, प्रत्यक्षात पहिलीचा छेद सुमारे २.८ चौरस मिलिमीटर व दुसरीचा सुमारे ४.६. आता बाजारात तार चौरस मिलिमीटरच्या मापाने मिळते, आणि ‘दीडची’, ‘अडीचची’, ‘चारची’ ही नवी नावे रूढ झाली आहेत. या नावांत अंक व जाडी यांची दिशा एक आहे, म्हणून गृहस्थाने याच भाषेचा आग्रह धरावा हे बरे. दिव्यांना दीडची, साध्या खोबणींना अडीचची आणि गिझर वा वातानुकूलन यंत्रास चारची, हा सर्वसाधारण प्रघात आहे. तारेच्या आवरणावर हे माप आणि भारतीय मानक ६९४ चा उल्लेख छापलेला असतो. भिंतीत जाण्यापूर्वी तो वाचता येतो, नंतर नाही.

आता कारागिराच्या नावाकडे वळू. शासकीय मराठीत दोन नावे आहेत : ‘वीजतंत्री’ आणि ‘तारतंत्री’. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत, उदाहरणार्थ मुलुंडच्या किंवा कुर्ल्याच्या संस्थेत, इलेक्ट्रिशियन आणि वायरमन या व्यवसायांना हीच नावे देण्यात येतात. त्यांच्या शेजारी ‘जोडारी’, ‘कातारी’, ‘संधाता’ असे शब्द आहेत. यांतील ‘कातारी’ लोकांच्या तोंडचा, ‘संधाता’ घडविलेला. ‘तारतंत्री’ या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे. उपनगरांतील रस्त्यावर मात्र यांपैकी एकही ऐकू येत नाही. तेथे ‘इलेक्ट्रिशियन’ हा एकच शब्द आहे आणि तो विजेच्या सामानाच्या दुकानात बसणाऱ्या, पंखे दुरुस्त करणाऱ्या, इमारतीच्या पहारेकऱ्याच्या ओळखीने येणाऱ्या, किंवा भ्रमणध्वनीवरून मागविलेल्या कोणासही लावला जातो. परिणामी दोन निराळ्या गोष्टी एका शब्दात मिसळतात. प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र माणूस शिकला आहे एवढे सांगते. राज्य शासनाच्या अनुज्ञापक मंडळाचा परवाना त्याला काम करण्याची मुभा आहे असे सांगतो.

ही मुभा कशासाठी लागते, हे कायद्याने नेमक्या शब्दांत सांगितले आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत जी तरतूद होती तीच केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांत आली, व त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या विनियमांतही ती कायम आहे. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच यांची अदलाबदल कोणीही करावी. पण ती जोडणीची क्षमता किंवा तिचे स्वरूप मुळीच न बदलणारी असली पाहिजे. त्यापलीकडचे प्रत्येक काम, मग ती भर असो, फेरफार असो की दुरुस्ती, परवानाधारक कंत्राटदाराकडूनच व्हावयास हवे. प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाची त्यावर प्रत्यक्ष देखरेख हवी आणि हात लावणाऱ्यापाशी परवाना हवा. येथे कायद्याची भाषा व घरची भाषा यांचा सांधा निखळतो. गृहस्थ म्हणतो, ‘छोटंसं काम आहे.’ त्याचे ‘छोटे’ वेळेने व पैशाने मोजलेले असते. कायदा क्षमता व स्वरूप मोजतो. दिवाणखान्यातील वीस दिवे बदलणे दिवसभराचे काम असेल, पण ते कायद्याच्या दृष्टीने किरकोळ आहे. न्हाणीघरात गिझरसाठी एक खोबण काढणे अर्ध्या तासाचे, पण ते किरकोळ नाही. तेव्हा कारागिरास ‘तुम्ही इलेक्ट्रिशियन का?’ असे विचारण्यात अर्थ नसतो. ‘परवाना कोणाच्या नावाचा आहे आणि काम करणार कोण?’ असे विचारले, तर उत्तरातून बरेच कळते. पुष्कळदा परवाना दुकानाच्या मालकाचा असतो आणि शिडीवर चढतो तो सहा महिन्यांपूर्वी हाताखाली आलेला मुलगा.

याचा अर्थ परवाना नसलेला प्रत्येक कारागीर अडाणी असतो असा नव्हे. उपनगरांत उस्तादाच्या हाताखाली वीस-वीस वर्षे शिकलेले, कागद नसलेले पण हाताला सच्चे असे कारागीर आहेत, आणि परवानाधारकांतही बेफिकीर असतात. तथापि अपघात घडल्यावर ज्याच्याकडे जाब मागता येतो तो कागदावरचा माणूस, ही गोष्ट नजरेआड करून चालत नाही.

कारागिरांपैकी मोठा भाग उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेला आहे. घाटकोपर व मुलुंड येथील ग्राहकांत गुजराती व मराठी दोन्ही आहेत. व्यवहार चालतो तो मुंबईच्या हिंदीत. या हिंदीने ‘फेज’ व ‘न्यूट्रल’ यांना ‘गरम’ व ‘ठंडा’ अशी सुटसुटीत नावे दिली आहेत. प्रतिमा आकर्षक आहे आणि फसवी आहे. ‘ठंडा’ तार निरुपद्रवी, असे तिच्यातून सुचते. पण दिवा किंवा पंखा चालू असताना ही तार मध्येच तुटली, तर तुटल्याच्या अलीकडील टोकावर उपकरणातून आलेला पूर्ण दाब उभा असतो. जुन्या घरांत स्विच चुकून ‘ठंड्या’ तारेवर बसविलेला सापडतो. बटण बंद, दिवा विझलेला, आणि होल्डर मात्र जिवंत. शालेय पाठ्यपुस्तकांतील ‘तटस्थ तार’ हा शब्दही या बाबतीत फारसा बरा नाही. तटस्थ माणसापासून भय नसते, अशी मराठी समजूत आहे.

सर्वांत अनर्थकारक शब्द मात्र ‘अर्थिंग’ हा होय. पाठ्यपुस्तके त्यास ‘भूसंपर्क’ म्हणतात आणि या एका बाबतीत संस्कृतोद्भव शब्द व्यवहारातील शब्दाहून अधिक प्रामाणिक आहे, कारण जमिनीशी संबंध त्यात उघड बोलून दाखविला आहे. उपकरणाच्या धातूच्या अंगाशी फेजचा स्पर्श झाला, तर प्रवाहास माणसाच्या शरीराखेरीज दुसरी, सोपी वाट मिळावी, हे भूसंपर्काचे कार्य. ही तिसरी तार खोबणीच्या वरच्या मोठ्या भोकापासून इमारतीच्या भूसंपर्क-खड्ड्यापर्यंत अखंड जावयास हवी. मजुरी ‘पॉइंट’वर मोजली जाते आणि भूसंपर्काची तार हा स्वतंत्र पॉइंट नसतो, म्हणून ठेका स्वस्तात घेतलेला असला, की प्रथम गळते ती हीच तार. जुन्या चाळींत व लाकडी पट्टीवरच्या तारजोडणीत तर ती बहुधा नसतेच. गृहस्थ म्हणतो, ‘फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात, अर्थिंग करून द्या.’ कारागीर खोबण उघडतो, न्यूट्रलच्या टोकापासून तारेचा तुकडा भूसंपर्काच्या टोकास जोडतो, आणि ‘अर्थिंग’ झालेले असते. मुंग्या थांबतात. गृहस्थ संतुष्ट, कारागीर संतुष्ट, आणि वापरलेला शब्दही खोटा नाही, कारण या बोलीत भूसंपर्काच्या टोकास काहीतरी जोडणे म्हणजेच अर्थिंग. पुढे कधी न्यूट्रल सैल झाली वा तुटली, की फेजचा दाब उपकरणातून फिरून त्याच तुकड्यावाटे फ्रिजच्या दारावर येतो. ज्या तारेने रक्षण करावयाचे तीच दाब वाहून आणते.

हा प्रकार नेहमीच्या चाचणीत पकडला जात नाही. खोबणीचे फेज आणि अर्थ यांच्यात दिवा लावून पाहण्याची कारागिरांची रीत आहे. दिवा झगझगीत पेटला की ‘अर्थ चांगला आहे’ असा निर्वाळा मिळतो. परंतु अर्थच्या टोकास न्यूट्रल जोडलेली असली तरीही दिवा तितकाच पेटेल. घरात आरसीसीबी हे साधन बसविलेले असेल, तर मात्र फरक उघड होतो. भूसंपर्क खरा असल्यास दिवा लावताच आरसीसीबी तोडेल. खोबणीतच न्यूट्रल जोडलेली असल्यास ते स्वस्थ राहील आणि दिवा जळत राहील. ही परीक्षा कारागिराने करावयाची, गृहस्थाने उभे राहून पाहावयाची.

आरसीसीबीचे नाव आले, म्हणून त्याच्या शेजारच्या एमसीबीविषयी सांगणे अवश्य आहे. घरगुती बोलीत ही दोन्ही साधने एकच. दोघांनाही ‘एमसीबी’ म्हणतात. पूर्वीच्या पिढीला ‘फ्यूज’, त्याची चिनी मातीची ‘किटकॅट’ आणि तीत भरावयाची बारीक तार माहीत होती. पाठ्यपुस्तकांतील ‘वितळतार’ हा शब्द त्या तारेचे काम उत्तम सांगतो, पण तो वर्गाबाहेर आला नाही. एमसीबी फ्यूजच्या जागी आली. तिचे काम तारेचे रक्षण करणे, माणसाचे नव्हे. १६ अँपिअरची एमसीबी १६ अँपिअरपर्यंतचा प्रवाह निमूटपणे जाऊ देते. ओल्या हाताने फेजला स्पर्श करणाऱ्या माणसाच्या शरीरातून त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकाही प्रवाह गेला, तरी हृदयाची गती बिघडून मृत्यू ओढवू शकतो, आणि एमसीबीला त्याची वार्ताही लागत नाही. आरसीसीबी जाणारा व परतणारा प्रवाह ताडून पाहते. दोहोंत ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे अँपिअरच्या शेकड्यातील तीन भागांचा, फरक पडला की क्षणार्धात पुरवठा तोडते. ‘एमसीबी बसवली आहे, आता करंट लागायचा नाही’ हे वाक्य अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत कोणत्याही जिन्यात ऐकू येते. त्यातील ‘एमसीबी’ जर खरोखरीच एमसीबी असेल, तर ते असत्य आहे. ओळखण्याची खूण सोपी : आरसीसीबीवर चाचणीचे छोटे बटण असते व त्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ असे रोमन लिपीत लिहिलेले असते. ते दाबल्यावर साधन पडले पाहिजे. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे. त्याने साधन चालते एवढेच सिद्ध होते, भूसंपर्क आहे की नाही ते नव्हे.

‘पडणे’ हे क्रियापदही तपासण्यासारखे आहे. फ्यूज ‘उडतो’, एमसीबी ‘पडते’, हिंदीत ‘गिरती है’. साधनाने आपले काम केले, तर ते बिघडले असे वर्णन करणारी ही क्रियापदे आहेत. त्यांतून मागणी निघते तीही तशीच : ‘सारखी पडते, जरा मोठी टाका.’ दीडच्या तारेवर १० ची काढून ३२ ची एमसीबी बसविली, की ती पडत नाही. मग भिंतीतील तारच वितळतारेचे काम करू लागते. आरसीसीबीच्या वाट्यास याहून वाईट दैव येते. जुन्या घरात दोन खोल्यांच्या न्यूट्रल एकत्र बांधलेल्या असतात, किंवा वर सांगितलेला न्यूट्रल-अर्थचा तुकडा मुख्य जोडपट्टीच्या खऱ्या भूसंपर्कास भिडलेला असतो. अशा घरात आरसीसीबी टिकत नाही. ती वस्तुतः दोष दाखवीत असते. पण ‘जुन्या घराला ही चालत नाही’ असे म्हणून ती वगळून तार सरळ जोडली जाते, आणि पेटी दिसावयास पूर्ववतच राहते.

‘शॉर्ट’ या शब्दाची व्याप्ती तर विलक्षण आहे. वृत्तपत्रांत प्रत्येक आगीचे कारण ‘शॉर्ट सर्किट’ असते, आणि घरांत जळका वास आला, ठिणगी दिसली, दिवा लुकलुकला, की ‘कुठेतरी शॉर्ट झालंय’. पाठ्यपुस्तकांतील ‘लघुपरिपथन’ म्हणजे फेज व न्यूट्रल यांचा थेट संपर्क. त्यात प्रवाह एकदम शेकडो अँपिअरांवर जातो आणि योग्य मापाची एमसीबी डोळ्याचे पाते लवण्याच्या आत तोडते. घरातील धोका पुष्कळदा याच्या उलट जातीचा असतो. खोबणीतील स्क्रू सैल झाला, जुन्या ॲल्युमिनियमच्या तारेचे टोक पितळेच्या पकडीत गंजले, म्हणजे प्रवाह वाढत नाही; फक्त तो सांधा तापत राहतो, महिनोन्‌महिने. एमसीबीस हा ताप कळत नाही. समुद्राची खारी हवा व जून ते सप्टेंबरची दमट भिंत त्यास हातभार लावतात. गृहस्थाने ‘शॉर्ट’ म्हटले, की कारागीर तार तपासतो. ‘गिझर लावल्यावर बटणाशेजारची पट्टी गरम लागते आणि खोबण पिवळी पडली आहे’ असे म्हटले, तर तो नेमका तो सांधा उघडतो. लक्षण सांगावे, निदान सांगू नये, हा वैद्याकडे जातानाचा नियम येथेही लागू पडतो.

राहिला शब्द ‘मेन’. काम सुरू करण्यापूर्वी ‘मेन बंद केली का?’ असे विचारतात व ‘केली’ असे उत्तर येते. परंतु मेन तीन असू शकतात : पेटीतील एखादी एमसीबी, सदनिकेचा मुख्य स्विच, आणि तळमजल्यावर मीटरच्या खोलीतील कटआउट. एका खांबाची एमसीबी केवळ फेज तोडते; न्यूट्रल जोडलेलीच राहते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा सखल भागांतील तळमजल्यांवर पाणी चढले. अशा वेळी वरच्या मजल्यावरील रहिवाशाने ‘मेन बंद केली’ असे म्हटले, तर त्यातून तळमजल्यावरील पाण्याविषयी काहीच कळत नाही. तेथपर्यंतचा पुरवठा पुरवठादारानेच तोडावयाचा असतो, आणि तो तोडल्याची खात्री होईपर्यंत त्या पाण्यात पाऊल घालू नये.

पेटीच्या दारावर आतील बाजूस प्रत्येक एमसीबीपुढे नाव लिहिण्यासाठी कागदाची एक पट्टी चिकटविलेली असते. दिवाणखाना, स्वयंपाकघर, गिझर असे तेथे लिहावयाचे. काम संपवून मजुरी देण्यापूर्वी कारागिराकडून ती पट्टी, एकेक एमसीबी खाली करून व काय बंद पडते ते पाहून, मराठीत भरून घ्यावी. बहुतेक घरांत ती कोरी असते.